हजार आणि वरचे चोवीस

पावसाळ्यात पाटण तालुक्यात कुणालाही विचारा, "धरण कितीवर आलं?" उत्तर टीएमसीतच येतं. पेपरात तोच आकडा, एसटीत तोच, चहाच्या टपरीवर तोच. कोयनेची एकूण साठवण १०५.२५ टीएमसी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट. हजार गुणिले दहा लाख, म्हणजे शंभर कोटी, म्हणजे एक अब्ज. शंभर कोटीला मोजमापाच्या शास्त्रात 'गिगा' म्हणतात. तेव्हा कोयना धरण १०५.२५ गिगाघनफुटांचं झालं. असं कुणी बोलत नाही, पण हिशेब चोख आहे. ज्या तालुक्यात एवढी मोठी राशी रोज तोंडी असते, तिथे मोबाइलच्या जीबीचा घोळ उलगडून सांगणं अवघड जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. ही टिपणं त्यासाठीच.

*

घोळ आधी सरळ मांडतो. किलो म्हणजे हजार. किलोग्रॅम, किलोमीटर, किलोवॉट, कुठेही घ्या. फक्त किलोबाइट म्हटलं की एक माणूस १००० धरतो आणि दुसरा १०२४. दोघेही आपापल्या जागी ठाम असतात. पुढच्या प्रत्येक पायरीला हा फरक वाढत जातो. मेगाबाइट म्हणजे १०,००,००० किंवा १०,४८,५७६. गिगाबाइट म्हणजे शंभर कोटी किंवा १,०७,३७,४१,८२४. किलोला फरक शेकडा २.४, मेगाला ४.९ च्या आसपास, गिगाला ७.४, टेराला जवळजवळ १०. सुरुवातीला जो फरक कुणी मनावर घेतला नाही, तो यंत्रं मोठी होत गेली तसा खिशाला जाणवू लागला.

एक टीबीची हार्ड डिस्क विंडोजच्या संगणकाला जोडली की पडद्यावर ९३१ जीबी दिसतात. ५०० ची जोडली की ४६५. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह २९.८ च्या वर जात नाही. दुकानदाराने फसवलं, असं गिऱ्हाइकाला वाटतं. दुकानदाराला कारण माहीत नसतं, म्हणून तो "सगळ्या कंपन्यांचं असंच असतं" एवढंच सांगतो. या दोघांमध्ये खोटं कुणीच बोलत नाही.

*

मग १०२४ आलं कुठून? मेमरीतल्या प्रत्येक घराला पत्ता असतो. तो पत्ता तारांवरून जातो, आणि एका तारेत वीज असते किंवा नसते, दोनच शक्यता. एक तार असेल तर दोन घरं, दोन तारा असतील तर चार, तीन असतील तर आठ. दहा तारांना १०२४ घरं. बरोबर हजार घरांची मेमरी करायची म्हटलं तरी तारा दहाच लागणार आणि चोवीस पत्ते वाया जाणार. कोणता शहाणा कारागीर असं करील?

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'टिफ्रॅक' हा संगणक बांधला. १९६० मध्ये तो कामाला लागला. त्याची मेमरी २०४८ शब्दांची होती, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. २०४८ म्हणजे अकरा तारांचा पत्ता. २००० हा आकडा तिथे कुणाच्या मनातही आला नसावा, कारण यंत्राच्या अंगात तो बसतच नाही.

चकतीची गोष्ट वेगळी. फिरणाऱ्या चकतीवर किती वर्तुळं आखायची, प्रत्येकात किती तुकडे पाडायचे, हे यंत्रकाम किती बारीक जमतं त्यावर ठरतं. तिथे दोनाच्या पटीची सक्ती नाही. आयबीएमने १९५६ मध्ये पहिली चकतीची साठवण बाजारात आणली, तिची क्षमता ५० लाख अक्षरं अशी साध्या दशमान आकड्यात सांगितली होती. त्यामुळे चकतीवाले हजाराने मोजतात, त्याला चलाखी म्हणणं मला पटत नाही. त्यांची वहिवाटही तेवढीच जुनी आहे.

*

नव्या मोबाइलच्या खोक्यावर छापलेलं असतं: ८ जीबी + १२८ जीबी. यातला पहिला जीबी १०२४ चा आहे, दुसरा १००० चा. रॅम ही मेमरी, तिचे पत्ते तारांवरून जातात, म्हणून ती दोनाच्या पटीने मोजली जाते. साठवण चकतीच्या घराण्यातली, म्हणून ती दहाच्या पटीने. एकाच ओळीत, त्याच अक्षरांत, मध्ये फक्त अधिकचं चिन्ह, आणि मापं दोन. किराणा दुकानात एका पावतीवर साखरेचा किलो वेगळा आणि तांदळाचा किलो वेगळा निघाला असता तर गावाने दुकान बंद पाडलं असतं.

*

धान्य मापायची जुनी कोष्टकं मला फार महत्त्वाची वाटतात. डोंगरकपारीच्या गावांत भात आणि नाचणी पायलीने मोजल्याचं अजून कानावर येतं. दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. सगळं दुपटीने चढत जातं. कारण उघड आहे. भरलेल्या मापाचे दहा सारखे भाग हाताने पाडता येत नाहीत, दोन पाडता येतात. अर्ध्याचं अर्धं, त्याचं पुन्हा अर्धं.

आता पुढे बघा. मण काही ठिकाणी बारा पायल्यांचा धरत, काही ठिकाणी सोळा पायल्यांचा. सोळाचा धरला तर एका पायलीत ६४ निळवी आणि सोळा पायल्यांत १०२४. दुपटीने दहा पायऱ्या चढल्या की १०२४ हेच यायचं. मेमरीच्या दहा तारा आणि निळव्यापासून मणापर्यंतच्या दहा दुपटी, अंकगणित एकच.

पण त्याच कोष्टकाची शेवटची पायरी वीस मणांची खंडी. तिथे दुपटीची रीत संपते आणि विसाची सुरू होते. कुणाचा गोंधळ होत नसे, कारण प्रत्येक पायरीला स्वतःचं नाव होतं. खरा गोंधळ व्हायचा तो एका नावाची दोन मापं निघाली की. एका पेठेचा शेर दुसऱ्या पेठेच्या शेराशी जुळत नसे, बारा पायल्यांचा मण सोळाच्या मणाशी जुळत नसे, शिगेची पायली सपाट पायलीपेक्षा जास्त भरे. देणारा सपाट मापून देई, वसूल करणारा शीग लावून घेई. १०२४ मधले वरचे चोवीस हे मला त्या शिगेसारखे वाटतात. शीग असायला काही हरकत नाही, पण व्यवहार शिगेचा की सपाट, ते आधी बोलून घेतलेलं बरं.

*

नाण्यांच्या बाबतीत आपल्या देशाने हा प्रश्न फार समजूतदारपणे सोडवला होता, आणि तो प्रसंग आज आठवायला हवा. जुना रुपया सोळा आण्यांचा, आणा चार पैशांचा, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. तोही दुपटीचाच हिशेब. पुढे पैशाच्या तीन पया होत, तेवढा भाग सोडला तर. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर भाग झाले. आता रुपयाचा चौसष्टावा भागही पैसा आणि शंभरावा भागही पैसा, असं झालं असतं तर बाजारात रोज भांडणं झाली असती. म्हणून नव्या नाण्याचं नाव ठेवलं 'नया पैसा'. नाण्यावरच ते छापलं. आण्याचे सव्वासहा नये पैसे होतात, आणि सव्वा पैसा देता येत नाही, म्हणून कोष्टकं छापून वाटली: एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९, चार आण्यांना बरोबर २५. जुनी नाणी हळूहळू व्यवहारातून गेली आणि लोकांच्या हातात एकच पैसा उरला, तेव्हा १ जून १९६४ ला 'नया' हा शब्द काढून टाकला.

सात वर्षं एका विशेषणाने देशाचा हिशेब सांभाळला. त्याच काळात वजनं-मापंही बदलत होती. १९५६ चा कायदा झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने शेर-मण जाऊन किलो-लिटर आले. अंगठाबहाद्दर माणसांनीही ते पेललं. संगणक चालवणाऱ्या शिकलेल्या जगाला एवढं का जमू नये?

*

नाव देण्याचे प्रयत्न संगणकाच्या जगातही झाले. १९६८ मध्ये डोनाल्ड मॉरिसन यांनी सुचवलं की १०२४ साठी ग्रीक कप्पा हे अक्षर वापरावं. डोनाल्ड नूथ यांनी 'मोठा किलोबाइट' असं नाव सुचवलं. कुणी उचललं नाही. शेवटी आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने डिसेंबर १९९८ मध्ये नवी नावं मंजूर केली: १०२४ बाइटला किबिबाइट, त्याच्या १०२४ पटीला मेबिबाइट, मग गिबि, टेबि, पेबि, एक्सबि. किलो, मेगा, गिगा मात्र सगळीकडे असतात तसे हजाराच्या पटीतच राहतील, असं ठरलं.

निर्णय योग्य होता. तरी ही नावं बाजारात आली नाहीत. लिनक्सच्या जगात दिसतात, तांत्रिक कागदांत दिसतात, पण दुकानात जाऊन "आठ गिबिबाइट रॅम द्या" असं कुणी म्हणत नाही. विंडोज आजही १०२४ ने भागतं आणि उत्तरापुढे जीबी लिहितं. ॲपलने २००९ मध्ये आपल्या संगणकांत हजाराने भागायला सुरुवात केली, अँड्रॉइडने आठव्या आवृत्तीपासून. त्यामुळे एकच पेनड्राइव्ह एका यंत्रात ३२ दिसतो आणि दुसऱ्यात २९.८. आत बाइट तेवढेच असतात.

'नया पैसा' रुजला आणि 'किबि' रुजला नाही, याचं कारण मला असं दिसतं: पैशामागे सरकार होतं, कायदा होता आणि जुनं नाणं चलनातून काढून घ्यायची ताकद होती. बाइट कुणाच्या टांकसाळीत पडत नाहीत.

*

पाटणच्या स्टँडजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात पाहिलेला प्रसंग. एक मुलगी बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरायला आली होती. फोटो ५० केबीच्या आत हवा, सही २० केबीच्या आत. दुकानदाराने फोटो कापला, लहान केला, चढवला. लाल अक्षरांत उत्तर आलं, फाइल मोठी आहे.

"दादा, पन्नासच्या आतच आहे की ओ. बघा ना, ४९.८ दाखवतंय."

"दाखवतंय खरं ताई, पण त्याला पटंना. अजून जरा बारीक करतो."

त्याने ४५ वर आणला, अर्ज गेला, मुलगी पावती घेऊन निघाली. तिच्या फोटोचा चेहरा मात्र पहिल्यापेक्षा धूसर झाला होता.

त्या फाइलची माहितीची खिडकी उघडी होती, ती मी नीट वाचली. पहिल्या ओळीत ४९.८ केबी, कंसात ५१,०१२ बाइट. खालच्या ओळीत डिस्कवर व्यापलेली जागा ५२.० केबी, कंसात ५३,२४८ बाइट. एका फोटोचे हे सगळे आकडे कसे, ते सांगतो. ५१,०१२ ला १०२४ ने भागलं की ४९.८ येतं, हजाराने भागलं की ५१.०. विंडोजच्या हिशेबाने फोटो मर्यादेत होता. अर्ज घेणारं यंत्र हजाराने मोजत असेल, तर तो मर्यादेबाहेर होता. ५२ चा आकडा तिसऱ्याच कारणाने येतो. डिस्कवर जागा सुटी मिळत नाही, ४०९६ बाइटच्या खणांत मिळते. ५१,०१२ बाइटना साडेबारापेक्षा किंचित कमी खण लागतात, पण अर्धा खण कुणाला देता येत नाही, म्हणून तेरा. तेरा गुणिले ४०९६, ५३,२४८.

अर्जावर "५०,००० बाइटपर्यंत" किंवा "५१,२०० बाइटपर्यंत" असं लिहायला काय लागतं? एक ओळ. त्या एका ओळीअभावी तालुक्या-तालुक्यांतल्या दुकानांत पोरापोरींचे फोटो पुन्हा पुन्हा कापले जातात. शेवटच्या तारखेच्या रात्री, नेट हळू असताना, ही ओळ नसण्याची किंमत फार मोठी होते. याबद्दल मला खरोखर राग आहे.

*

वेगाचा हिशेब. धरणात पाणी किती आहे ते टीएमसीत सांगतात, येतं-जातं किती ते क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला घनफूट. इथल्या माणसाला हा भेद शिकवावा लागत नाही. ५० हजार क्युसेकची आवक दिवसभर टिकली तर धरणात ४.३२ टीएमसी भर पडते, हे गणित पावसाळ्यात लोक बोटांवर करतात. इंटरनेटचंही तसंच आहे: जीबी हा साठा, एमबीपीएस ही आवक.

इथे एक पायरी जास्त आहे, ती कळली नाही की फसगत होते. साठा बाइटमध्ये मोजतात, वेग बिटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. १०० एमबीपीएसची लाइन सेकंदाला १२.५ मेगाबाइट आणते. १०० मेगाबाइट नव्हे. इंग्रजी अक्षरांत बिटचा 'बी' लहान आणि बाइटचा मोठा, एवढाच फरक, आणि जाहिरातीत तो कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. शंभर कोटी बाइटचा जीबी या लाइनवर उतरायला ८० सेकंद लागतात. १०२४ च्या हिशेबाचा जीबी असेल तर ८६.

वेगातला किलो आणि मेगा मात्र कायम हजाराचाच राहिला. टेलिफोनचा आवाज सेकंदाला ८००० वेळा टिपतात, दर वेळी ८ बिट, म्हणून एका फोनची लाइन ६४,००० बिटांची, आणि तिला ६४ केबीपीएस म्हणतात. ब्रॉडबँडची सरकारी व्याख्या २००४ मध्ये किमान २५६ केबीपीएस होती, पुढे ५१२ झाली, २०२३ मध्ये २ एमबीपीएस. २५६ आणि ५१२ हे आकडे दुपटीच्या घरातले, त्यामागचा किलो मात्र दशमान. आकडा एका घराण्याचा, एकक दुसऱ्या.

*

मेगावॉटबद्दल एक. कोयनेच्या पाण्यावर सगळे टप्पे मिळून सुमारे १९६० मेगावॉट वीज तयार करण्याची क्षमता आहे, धरणाच्या पायथ्याचं विद्युतगृह ४० मेगावॉटचं. वनकुसवडेच्या पठारावरच्या पवनचक्क्या किलोवॉट-मेगावॉटमध्ये मोजतात. १०,४८,५७६ वॉट म्हणजे एक मेगावॉट, असं आजवर एकाही अभियंत्याने म्हटलेलं नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक केला, त्याचा वेगही अब्ज आकडेमोडींच्या साध्या दशमान हिशेबाने सांगतात, मेमरी मात्र १०२४ ने. एकाच यंत्राच्या दोन आकड्यांत दोन गिगा.

*

लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांना हे सगळं न शिकता कळलेलं होतं. सीडीवर ७०० एमबी लिहिलेलं असे आणि तेवढं खरंच भरता येई, कारण सीडीचा मेगा १०२४ चा. डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेलं असे आणि संगणक ४.३८ वर थांबवी, कारण डीव्हीडीचा गिगा हजाराचा. "डीव्हीडीला साडेचार धरू नको, सव्वाचारला काप" असं मुरलेला माणूस शिकाऊला सांगे. वरात पूर्ण यायची ती या अनुभवामुळे.

फ्लॉपीचं तर याहून वाईट. १.४४ एमबीची फ्लॉपी म्हणजे दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० वर्तुळं, प्रत्येक वर्तुळात १८ तुकडे, प्रत्येक तुकड्यात ५१२ बाइट: एकूण १४,७४,५६०. हजाराच्या हिशेबाने १.४७ एमबी, १०२४ च्या हिशेबाने १.४१. मग १.४४ कुठून आलं? १४,७४,५६० ला आधी १०२४ ने भागलं, १४४० आले, आणि एमबी करताना ते हजाराने भागले. अर्धं माप एका रीतीचं, अर्धं दुसऱ्या. सगळं जग वर्षानुवर्षं ती फ्लॉपी याच आकड्याने विकत घेत राहिलं.

*

अमेरिकेत जीबी हजाराचा की १०२४ चा, यावरून खटले झाले. वेस्टर्न डिजिटलने २००६ मध्ये आणि सीगेटने २००७ मध्ये तडजोड केली. २०२० मध्ये सॅनडिस्कविरुद्धचा दावा मात्र न्यायालयाने फेटाळला. कारण १ जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट, हे पाकिटावर छापलेलं होतं. आपल्याकडे मिळणाऱ्या पेनड्राइव्हच्या पाकिटामागेही ही ओळ बहुधा बारीक अक्षरात असते. ती पुढच्या बाजूला, वाचता येईल अशी असावी. गूळ-शेंगदाण्याच्या पाकिटावर निव्वळ वजन ठळक लिहावं लागतं, आवेष्टित वस्तूंचे नियम तसे आहेत. साठवण विकणाऱ्यालाही तीच शिस्त असायला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

*

महाराष्ट्रात आणखी एक पाटण आहे, चाळीसगावजवळचं, पाटणादेवीचं. तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला मिळालेल्या दानांची नोंद त्यात आहे. काळ १२०७ च्या सुमाराचा. शेवटचा भाग जुन्या मराठीत असून त्यात बाजारातल्या मोजमापाचा विषय येतो: माल मठाच्या मापाने मोजावा आणि त्या उत्पन्नाचा वाटा मठाला मिळावा. ज्या मठात गणित शिकवायचं, त्याच मठाचं माप पेठेत चालायचं. ही व्यवस्था मला थोर वाटते.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत, ११५० च्या ग्रंथात, संख्यांची स्थानं दहापटीने चढत एकं पासून परार्धापर्यंत अठरा आहेत, प्रत्येकाला नाव. तिथेच व्यवहाराची कोष्टकं आहेत आणि त्यांत दहा जवळजवळ कुठेच नाही: वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. संख्या दहाने, व्यवहार चार-सोळा-विसाने. दोन्ही रीती एकाच ग्रंथात सुखाने नांदतात, कारण द्रम्माला कुणी शतं म्हणत नाही आणि शतंला कुणी द्रम्म म्हणत नाही. नऊशे वर्षांपूर्वी जे इतकं स्वच्छ होतं, ते आज आपण मुलांना "१०२४ बाइट म्हणजे १ केबी, लिहून घ्या" असं एका ओळीत शिकवतो आणि दुसरी ओळ सांगतच नाही.

*

गिऱ्हाइकाला "जागा कमी" वाटण्याची तीन कारणं असतात आणि ती वेगळी ओळखायला हवीत. पहिलं एककाचं: यात काहीही कमी झालेलं नसतं. कोयनेचे १०५.२५ टीएमसी म्हणा की पाटबंधारे खात्याच्या कागदावरचे सुमारे २९८० दलघमी (दशलक्ष घनमीटर) म्हणा, पाणी तेच. दुसरं, यंत्राने स्वतःसाठी ठेवलेली जागा: मोबाइलच्या १२८ जीबीतून कार्यप्रणाली आपला हिस्सा घेते. धरणातही सुमारे ५ टीएमसी मृत साठा असतो, तो एकूण साठ्यात धरतात आणि उपयुक्त साठ्यात धरत नाहीत. तिसरं, वर सांगितलेले खण. पहिल्याबद्दल तक्रार करू नये, दुसऱ्याबद्दल घेण्याआधी विचारावं, तिसऱ्याकडे हजारो बारीक फाइली साठवायच्या असतील तरच लक्ष द्यावं.

*

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या कोयना भूकंपानंतर या परिसराइतकी जमिनीची नाडी देशात फार थोड्या ठिकाणी तपासली गेली असेल. भूकंपमापकं आहेत, कराडजवळ हजारमाचीला केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे, खडकात तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलेलं आहे. अशा कामात नोंदी सतत साठत राहतात, म्हणून एक हिशेब करून पाहिला.

समजा एक यंत्र तीन दिशांची हालचाल टिपतं, प्रत्येक दिशेची सेकंदाला १०० वेळा, आणि प्रत्येक नोंद ४ बाइटची. सेकंदाला १२०० बाइट झाले. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे दिवसाला १०,३६,८०,००० बाइट. हजाराच्या हिशेबाने १०३.७ एमबी, १०२४ च्या हिशेबाने ९८.९. अशी दहा केंद्रं दहा वर्षं चालवली, लीप वर्षांचे जादा दिवस सोडले, तर हजाराच्या हिशेबाने ३.७८ टीबी. आता एखाद्या अभ्यासकाने त्यासाठी ४ टीबीची चकती मागवली आणि विंडोजला जोडली, तर पडद्यावर दिसतील ३.६३ टीबी. गरज ३.७८ ची, हाताशी ३.६३. तो ती परत पाठवील, किंवा दोन चकत्यांची नवी मागणी लिहील आणि मंजुरीची वाट बघत बसेल. दोन्ही आकडे बाइटमध्ये उतरवले तर हे होत नाही. गरज ३,७८,४३२ कोटी बाइटची, चकती ४,००,००० कोटी बाइटची. दहाही वर्षं तिच्यात मावतात आणि वर जागा उरते.